एपिडॉरसला नागुबाईनं बस फिरवली

नागुबाईच्या नोकरीचं नाव एका दमात घेता येत नाही: अंशकालीन स्त्री परिचर. रेणापूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर तिनं एकतीस वर्षं हे नाव वागवलं. अंशकालीन म्हणजे दिवसातला थोडा वेळ. आता अडलेल्या बाईला सांगून बघा, की बाई गं, माझा थोडा वेळ संपला, उरलेलं तुझं तू बघ! काम चोवीस तासांचं आणि नाव अंशकालीन. असलं नाव शोधून काढणाऱ्या साहेबाला एकदा तिच्यासमोर उभं करायला पाहिजे होतं. तिनं त्याला भर चौकात धुतला असता.

कारण नागुबाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. सासू सुईण होती, तिच्या हाताखाली ही तयार झाली. गावातल्या मोठ्या घरांत सुनेला कळा लागल्या, की माणूस भीमनगरात पळत यायचा. नागुबाई जायची, लेकरू सोडवायची, नाळ बांधायची. ती उंबऱ्याबाहेर पडली की मागं घरभर पाणी शिंपडलं जायचं. एका घरी तिनं हे वळून बघितलं. तशीच परत गेली आणि म्हणाली, "बापू, पाणी शिंपडायलाव ते शिंपडा. पण लेकराला पयला हात माझा लागलाय. त्याला बी इसळून घ्या, न्हाईतर घर बाटंल." त्या घरात पुन्हा पाणी शिंपडलं गेलं नाही.

उपकेंद्राच्या भिंतीवरचं घड्याळ कायम बंद. म्हणून दोन कळांमधलं अंतर मोजायची तिची स्वतःची रीत होती. एक कळ ओसरली की ती मनात त्रिसरण-पंचशील सुरू करायची, एका लयीत, घाई न करता. पुढची कळ येईपर्यंत किती पाठ झाले ते बोटांच्या पेरांवर धरायचं. एक पाठ म्हणजे अडीच मिनिटं. नर्सबाईनं एकदा मनगटावरचं घड्याळ लावून खात्री केली होती. चार पाठ झाले तर चहा घ्यायला सवड आहे. दोनच झाले तर पाणी तापवा. आणि पोटावर हात ठेवल्यावर लेकरू आडवं नाहीतर उलटं लागलं, तर सरळ जीप बोलवा. कोणतं बाळंतपण आपल्या हातचं नाही, हे तिला इतरांच्या आधी कळायचं. एकतीस वर्षांत तिच्या हातून एक बाई दगावली नाही, ती ह्याच अकलेमुळं.

तिची लेक विशाखा विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि नांदेडला पाटबंधारे खात्यात लागली. माय निवृत्त झाली तेव्हा तिनं विचारलं, "माय, तुला कुठं न्यावं?"

"जितं कुणी मला 'कपबश्या उचल' म्हणणार न्हाई तितं."

विशाखानं थेट ग्रीसची सहल ठरवली.

नांदेड-लातूरची चौदा माणसं होती. टूर मॅनेजर माणिकप्पा उदगीरचा, तोंडात अर्धं मराठी अर्धं कानडी, आणि चेहऱ्यावर कायम गाडी सुटल्यासारखी घाई. लातूरचे डोळ्यांचे डॉक्टर बिडवे होते. नांदेडचे निवृत्त प्राचार्य शेषेराव सर होते. त्यांनी एपिडॉरसच्या जुन्या नाट्यगृहात मधोमध उभं राहून म्हणायचं म्हणून सहा महिने एक भाषण पाठ केलं होतं, कागद खिशात. तिथं मधल्या दगडावर कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू जातं म्हणे. साऱ्या सहलीत ह्या एका गोष्टीची चर्चा चालली होती. अथेन्सहून सकाळी निघायचं, एपिडॉरसचं देवस्थान बघायचं, शेवटी नाट्यगृह, आणि सांजच्याला परत.

त्या दिवशीची गाईड होती फोतिनी. तिशीची, उंच, गोरी, हातात लाल छत्री. आणि आठव्या महिन्याची गरोदर. बसमध्ये चढतानाच तिनं हसत इंग्रजीत सांगितलं, की आजची ही शेवटची फेरी, उद्यापासून रजा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नागुबाईनं वाजवल्या नाहीत. ती फोतिनीच्या पोटाकडं बघत होती.

"पोट उतरलंय गं हिचं," ती विशाखाला म्हणाली.

"माय, आपण फिरायला आलोय."

"मग काय डोळे रेणापूरला ठिवून यिऊ?"

बस निघाली. फोतिनी माइकवर बोलत होती, समुद्र दाखवत होती. तासाभरानं दोन समुद्र जोडणाऱ्या खोल कालव्याच्या पुलावर बस थांबली, सगळे फोटो काढायला उतरले. फोतिनी बोलता बोलता मध्येच गप्प झाली. कठड्याला धरलं, ओठ मिटले, आणि पुन्हा हसून बोलायला लागली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. नागुबाईनं अंगठा पहिल्या पेरावर ठेवला.

एपिडॉरस म्हणजे डोंगरांच्या कुशीतली मोकळी जागा. पाइनची झाडं, उन्हात पांढरे पडलेले दगड, मोडलेले खांब. फोतिनी सांगत होती आणि विशाखा मायला मराठीत उलगडून देत होती. हा वैद्यकीचा देव, ह्याच्या काठीला साप. दुरून दुरून आजारी माणसं इथं यायची. आधी आंघोळ, मग देवाला नैवेद्य, मग त्या लांब ओसरीत जमिनीवर झोपायचं. झोपेत देव येऊन सांगायचा, औषध काय.

"म्हंजे जनरल वॉर्ड," नागुबाई म्हणाली. "डॉक्टर निस्ता सपनात यायचा. आमच्याकडं बी तसाच यायचा."

बिडवे डॉक्टर मोठ्यानं हसले. पुढं संग्रहालयात काचेमागं जुनी हत्यारं होती, काशाचे चिमटे, सळया. त्यातला एक चिमटा बघून नागुबाई काचेला नाक लावून उभी राहिली. "हे तर आमच्या उपकेंद्राचंच सामान. हितं कुणी आणून ठिवलं?" पण बोलता बोलता तिचे ओठ हलत होते आणि अंगठा बोटांवरून सरकत होता. कालव्यानंतर चार पाठ होते. इथं तीन.

बिडवे डॉक्टरांनी ते हलणारे ओठ बघितले. "मावशी, ग्रीक देवाला पण जप चालू केला का?"

"देवाला कुठला जप? मोजायले मी."

"काय मोजताय?"

"त्या पोरीच्या कळा."

डॉक्टरांनी मान वळवून फोतिनीकडं बघितलं. ती छत्री उंचावून सगळ्यांना पुढं बोलवत होती. "अहो मावशी, पस्तिसावा आठवडा आहे तिचा. मी विचारलं. उभं राहून पाठ दुखते. खोट्या कळा असतात त्या."

"खोट्या कळा यिऊन जात्यात डॉक्टरसायेब. ह्या यिऊन ऱ्हायल्यात."

ओसरीच्या पुढं दगडांची एक रांग होती. तिथं थांबून फोतिनीनं सांगितलं, की ही देवस्थानाची हद्द. आत दोन गोष्टींना मनाई होती. कुणी आत मरायचं नाही, आणि कुणी आत बाळंत व्हायचं नाही. दिवस भरलेली बाई आणि अखेरच्या घटकेचा माणूस, दोघांना हद्दीबाहेर. पुढं कित्येक शतकांनी एका रोमन श्रीमंताला दया आली, त्यानं त्यांच्यासाठी बाहेर घर बांधलं.

विशाखानं हे मराठीत सांगितलं मात्र, नागुबाईचा पारा चढला.

"दवाखान्याचा देव म्हनायचा, आन् अडलेली बाई भाईर? म्हंजे हितं बी इटाळ!"

"मावशी, अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट," शेषेराव सर समजावणीच्या सुरात म्हणाले. "आता रागावणार कुणावर?"

"सर, तुमच्याकडं ती अडीच हजार वर्षांमागं संपली असंल. माझ्या मागं तर काल-परवापत्तोर पाणी शिंपडत व्हते."

सर काही बोलायच्या आत फोतिनीच्या हातातली छत्री खाली पडली. ती दगडाला टेकून वाकली होती. ह्या वेळी हसू आलं नाही. कळ जाईपर्यंत डोळे घट्ट मिटलेले, पायाची बोटं सॅंडलमध्ये वळलेली.

"दोन पाठ," नागुबाई म्हणाली, आणि सगळ्यांना बाजूला सारत पुढं गेली.

भाषेचा प्रश्नच आला नाही. तिनं स्वतःचे दोन हात दाखवले, मग फोतिनीच्या पोटाकडं बोट केलं, आणि वाट बघितली. फोतिनीनं विशाखाकडं बघितलं. "माझी आई सुईण आहे," विशाखा इंग्रजीत म्हणाली. फोतिनीनं मान हलवली. बायकांनी ओढण्या-पदरांचा आडोसा धरला. नागुबाईनं तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, गुडघ्यावर बसली आणि डोळे मिटून चाचपायला लागली. खाली, ओटीपोटाशी, रुंद आणि मऊ. वर, बरगड्यांखाली, नारळासारखं टणक, गोल, दोन बोटांत हलणारं.

तिनं डोळे उघडले. "डोकं वर हाय. लेकरू पायाळू हाय. दवाखान्यात न्या. आत्ता."

माणिकप्पाच्या कपाळावर घाम आला. "यव्वा! मावशी, असं कसं म्हनताव? नाट्यगृह बघायचं ऱ्हायलंय. लोकं माझी चामडी सोलतील. डॉक्टर, तुम्ही सांगा की."

डॉक्टर पुढं आले. माणूस वाईट नव्हता. पण पदवी मोठी आणि समोरची बाई अंशकालीन. "हे बघा मावशी, पोटावर हात ठेवून असं छातीठोक सांगता येत नाही. त्याला सोनोग्राफी लागते. थोडं बसू दे तिला, पाणी द्या, दहा-पंधरा मिनिटांत थांबेल."

नागुबाई उठून उभी राहिली. पाच फुटांची बाई, काठाचं लुगडं, पायात नांदेडहून घेतलेले पांढरे बूट. "पंदरा मिन्टांत अजून तीन कळा यितील. पाणी फुटलं आन् नाळ पुडं घसरली, तर लेकरू जाईल. मग कुणाला सोनोग्राफी दावताव?" मग ती लेकीकडं वळली. "इशाखे, तिला इचार. डॉक्टरनं तिला लेकराच्या डोक्याचं काय सांगितलंय? माझं सांगू नको. निस्तं इचार."

विशाखानं विचारलं. फोतिनीचे ओठ कोरडे पडले होते. ती हळू आवाजात बोलली आणि विशाखानं एक एक शब्द मोठ्यानं मराठीत सांगितला: "मागच्या आठवड्यात तपासलं तेव्हा डोकं वरच होतं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, फिरेल. आज हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

 

"डॉक्टरसायेब," नागुबाई म्हणाली, "डोळ्यांचे डॉक्टर हाव ना तुम्ही? मग बघा की जरा!"

बिडवे डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण त्या माणसाची ही एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी, की त्यांनी वाद वाढवला नाही. ते खाली वाकले, फोतिनीची नाडी धरली, आणि पुढची कळ येताना स्वतः पोटावर हात ठेवून बघितली. हात काढला तेव्हा म्हणाले, "मावशींचं बरोबर आहे. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

बसचा ड्रायव्हर तोवर फोन लावून मोकळा झाला होता. त्यानं खुणेनं आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं: अ‍ॅम्ब्युलन्स जवळच्या नाफ्प्लिओ शहरातून इथं येणार, मग परत शहरात जाणार. बस सरळ नेली तर पस्तीस मिनिटं.

सगळ्यांनी माणिकप्पाकडं बघितलं, आणि माणिकप्पानं झाडांमागं दिसणाऱ्या नाट्यगृहाच्या वाटेकडं. चौदा माणसं एवढ्या लांबून आली होती ती ज्याच्यासाठी, ते पाच मिनिटांच्या चालीवर होतं. एक बाई कुरकुरली, की निम्मे जण मागं थांबले तर? बस नंतर घ्यायला येईल. नागुबाई तिच्याकडं बघून म्हणाली, "थांबा की. कोण नगं म्हनतंय? पन मला चार माणसं पायजेत उचलायला, आन् ती आत्ता पायजेत."

पहिले पुढं झाले ते शेषेराव सर. सहा महिन्यांचं भाषण खिशात, वय सत्तरीचं. त्यांनी कोट काढून खांद्यावर टाकला आणि वर्गात पोरांना हुकूम सोडावा तसे ओरडले, "माणिकप्पा, बस फाटकाच्या आत घ्यायला सांगा! डॉक्टर, तुम्ही त्या बाजूनं धरा!" मग कुणी मागं थांबलं नाही. फोतिनीला हातांच्या पाळण्यात उचललं. एका बाजूला बिडवे डॉक्टर, एका बाजूला विशाखा, आणि पुढं नागुबाई, लाल छत्री उंच धरून वाट मोकळी करत. समोरून येणारे परदेशी पाहुणे बाजूला होऊन बघत राहिले. त्यांना वाटलं, हीच गाईड.

बसच्या मागच्या लांब बाकावर फोतिनीला डाव्या कुशीवर निजवलं. कमरेखाली सरांचा कोट, त्याखाली दोन जॅकेटं, म्हणजे कंबर उंच राहील आणि लेकरू खाली दाब देणार नाही. नागुबाई तिच्या तोंडासमोर खाली बसली. कळ आली की फोतिनीला जोर करावासा वाटायचा. नागुबाई तिचे गाल दोन्ही हातांत धरायची आणि स्वतः तोंडानं छोटे छोटे श्वास सोडून दाखवायची, चूल फुंकल्यासारखे. "दाबू नगं माय. निस्तं फुक. फुक. अशी माझी वाघीन!" फोतिनीला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. ती फुंकत होती.

डोंगरउतारावर वळणं सुरू झाली. एक पाठ. मग पाऊण पाठ. नागुबाईनं आता मोजायचं सोडलं.  पाणी फुटू नये, एवढंच. रस्त्यात फुटलं तर नाळ येणार, आणि उलट्या लेकराची नाळ पुढं आली तर ह्या बसमध्ये तिच्याजवळ दोन हातांशिवाय काही नव्हतं. बस हॉर्न वाजवत संत्र्यांच्या बागांमधून पळत होती. पुढं माणिकप्पा ड्रायव्हरच्या मागं उभा राहून कानडीत "होगु, होगु" म्हणजे "चल, चल" ओरडत होता आणि ड्रायव्हर ग्रीकमध्ये काहीतरी ओरडून उत्तर देत होता. दोघांचं झकास जमलं होतं.

नाफ्प्लिओच्या दवाखान्याच्या दारात बस थांबली, स्ट्रेचर लागलं, आणि फोतिनीला उचलताना पाणी फुटलं. नागुबाईनं एक नजर टाकली. नाळ नव्हती. "पळा!" ती ओरडली. मराठीतच. स्ट्रेचर पळालं.

मग बाहेर सगळे व्हरांड्यात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या.  बिडवे डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. नागुबाई भिंतीला टेकून फरशीवरच बसली होती, पाय लांब करून. विशाखानं पाणी दिलं ते तिनं हातात धरलं, प्यायली नाही. एकतीस वर्षांत ती कधी अशी बाहेर बसली नव्हती; आत तरी असायची, नाहीतर जीपच्या मागं लटकून. दाराआड काय चाललंय हे ऐकू न येणं तिला सहन होत नव्हतं.

पाऊण तासानं दार उघडलं. हिरव्या टोपीतली डॉक्टरीण बाहेर आली. तिनं इंग्रजीत विचारलं, "हिचं मूल उलटं आहे आणि तिला आडवं ठेवून आणायचं, हे कुणी सांगितलं?"

विशाखा तोंड उघडणार, तेवढ्यात बिडवे डॉक्टर पुढं झाले. नागुबाईकडं हात करून त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "ह्यांनी. मी डॉक्टर आहे, मला कळलं नव्हतं. ह्यांना हातानं कळलं."

डॉक्टरीण नागुबाईकडं बघत राहिली. "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. अजून वीस मिनिटं उशीर झाला असता तर मी हे सांगितलं नसतं. ह्यांचं शिक्षण कुठं झालं?"

विशाखानं मायला विचारलं.

नागुबाई उठली. पदर सारखा केला. "सांग तिला. रेणापूर."

डॉक्टरिणीनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मागं सगळ्यांनी असा गलका केला की नर्सा दारांतून डोकावल्या. शेषेराव सर टाळ्या वाजवत होते, माणिकप्पा डोळे पुसत होता, आणि ती कुरकुरणारी बाई नागुबाईच्या गळ्यात पडून रडत होती. नागुबाईनं तिची पाठ थोपटली. "रडायलीस कामून? पोरगी झाली, नाच की!"

तासाभरानं फोतिनीची आई आली. काळे कपडे, डोक्याला रुमाल, धापा टाकत. नर्स लेकरू गुंडाळून दारापाशी घेऊन आली. म्हातारीनं वाकून बघितलं आणि लेकराच्या दिशेनं तीनदा थुंकली: फ्तू, फ्तू, फ्तू.

नागुबाईचं रक्त उसळलं. थुंकणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. "ये बाई! कुणावर थुकायलीस? पोरगी झाली म्हनून? आमी जीव तोडून आणली तिला, आन् तू—"

म्हातारी दचकली. नर्स घाईनं इंग्रजीत बोलली. विशाखानं मायचा दंड धरला. "माय, थांब! दृष्ट लागू नये म्हणून. ह्यांची रीत आहे. लाडानं थुंकतात."

"लाडानं?"

"हाव."

 नागुबाईनं कपाळावर हात मारला. "घ्या. तीस वर्सं गावोगाव फिरून दृष्टीबिष्टीचं खूळ बंद केलं, आन् हितं समिंदरापल्याड हीच!" आणि ती हसायला लागली. म्हातारीला काय कळलं कोण जाणे, पण तीही हसली. तिनं नागुबाईचे दोन्ही हात धरले, आधी एक, मग दुसरा, दोन्हींचं चुंबन घेतलं, आणि तसंच हाताला धरून आत ओढलं. नर्स आडवी आली: फक्त घरचे. म्हातारी तिच्यावर असं काही गरजली, की नर्स भिंतीला लागली. मायच्या मागोमाग विशाखाही आत शिरली.

आत फोतिनी पडली होती, थकलेली, जागी. ऑपरेशनच्या इंजेक्शननं कमरेखालचं अंग अजून बधिर. लेकरू बाजूच्या पाळण्यात मुठी चावत होतं. नागुबाईनं त्याचे ओठ बघितले, टाचा बघितल्या, पाठीवरून बोट फिरवलं. सगळं जागच्या जागी. मग मान वर करून ती आजीला, नर्सला आणि दारात उभ्या हिरव्या टोपीच्या डॉक्टरिणीला, तिघींना एकदमच म्हणाली, "लेकरू मुठी चावायलंय, दिसत न्हाई का? पाळण्यात कामून ठिवलंय? आईच्या छातीला लावा!"

विशाखाला भाषांतर करावं लागलं नाही. डॉक्टरिणीनं नर्सला खूण केली, आणि नर्सनं लेकरू उचललं.